चरातली शेवंती

८ डिसेंबर

आलो एकदाचे राहायला! मखमलाबाद, दुसरा मजला. सासऱ्यांचं फुलांचं रान होतं, तिथेच ही इमारत. रविराजने स्वतः डिझाइन केली — नवरा इंजिनियर, त्यात हौस दांडगी. खांबांखाली रबराच्या जाड गाद्या. भूकंपात जमीन हलेल, घर गाद्यांवर नुसतं डोलेल. डोलायला जागा हवी म्हणून भोवती हातभर रुंद चर मोकळा. पडल्या पडल्या वाटलं, होडीतच झोपलेय.

९ डिसेंबर

सासूबाईंना हे सगळं समजावलं. मलाच मेलीला कौतुक! म्हटलं, आई, आपलं घर जमिनीला घट्ट बांधलेलंच नाही. रात्री त्या नीट जेवल्याही नाहीत.

१३ डिसेंबर

आईंना झोप नाही. पायाखाली काही नाही असं वाटतं म्हणे. नांदगावला भावाकडे कायमची जाते म्हणतात. रविराज हसला. मला नाही आलं हसू. त्या नसतील तर मी बोलू कोणाशी?

२० डिसेंबर

नांदगावचं नाव नाही! रोज पहाटे खाली जातात, दुपारी गाढ झोपतात. मी कशाला विचारतेय!

२ जानेवारी

कपडे वाळत घालायला मागे गेले, तर चरात शेवंती! पिवळी, भरगच्च. चरावरची मागची झाकणं बसायची राहिलीत, तिथे आईंनी पाटी-पाटी माती ओतून, ठोकून घट्ट केलीय, वर फुललेली रोपंच आणून लावलीत. मला वाटलं, रानाची आठवण येते बिचारीला.

"फुलं वरवर गं," म्हणाल्या. "घर धरून ठेवलंय मी. आता झोप लागती."

रविराजला सांगितलं तर माती निघणार, आई जाणार. नाही सांगितलं तर घर अडकलेलं. रात्री स्वप्नात सबंध इमारत फुलांत रुतली होती. इतकं सुंदर होतं ना, की जाग आल्यावर रडले.

५ जानेवारी

सांगितलं. त्याला नाही, आईंनाच. चर बुजला तर घराला हलता येत नाही, आणि हलता आलं नाही तर ते तडकतं. त्या बराच वेळ शेवंती खुडत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं तुम्हाला धोका हाय?"

मला नाही म्हणता आलं नाही.

८ जानेवारी

आई माती उपसतायत. मला हात लावू देत नाहीत.

११ जानेवारी

चर रिकामा, खराट्याने झाडलेला. आई पहाटेच नांदगावला गेल्या. निघताना रविराजला म्हणाल्या, "घर मोकळं केलंय. आता तुम्ही निवांत झोपा."