लाडक्या अर्जाचा तिसरा वाढदिवस

२६ मे २०२५

आज पुन्हा एक वीट खाली! थेट माझ्या गवती चहाच्या कुंडीत. शेजारच्या नझीरच्या बंद घराची भिंत एकवीसच्या पुरापासून आमच्या मागच्या खोलीवर ओणवी झालीय. आत घुशी, वर पिंपळ, मालक कुवेतला मजेत. मी रोज खिडकीतून तिला दटावते — पडलीस तर बघ!

प्रियदर्शिनी जुलैत बाळंतपणाला येणार. पहिलटकरीण! हे म्हणतात, राहू दे तिला सासरीच, पोलादपूरला. का म्हणून? ती खोली तिची आहे. एका मेल्या भिंतीला घाबरून लेकीला येऊ नको सांगू?

२८ मे

पालिकेत जाऊन आले. आवक-जावकच्या खिडकीत हर्षद. त्या खुर्चीत मी एकोणतीस वर्षं काढली, त्याला शिक्का धरायलाही मीच शिकवलं. आणि तो मलाच म्हणतो, "मॅडम, साहेब साइटवर गेलेत." अरे, हे वाक्य माझं!

निवृत्त झाले नि तिसऱ्या दिवशी ही भिंत उतरवा म्हणून अर्ज दिला — ३ जून २०२२. सगळी जोडपत्रं लावून. मला शिकवता? जोडपत्र नसेल तर मी अर्ज वाचायचेसुद्धा नाही, नावही नाही. त्रुटीच्या गठ्ठ्यात! पुरानंतर तर रोज ढीग यायचा. गरज असेल तो परत येतो, हेच हर्षदलाही शिकवलं. शिक्का मात्र आयुष्यात कधी वाकडा पडू दिला नाही.

"मग अडलंय कुठे?" म्हटलं.

"मालकाचं म्हणणं यायचंय, मॅडम."

मालक! तो कशाला काही म्हणतोय!

३० मे

सुचलं! कोणाला सांगणार नाही. ह्यांना तर मुळीच नाही.

३ जून

काय दिवस गेला! सकाळी शेजारच्या धोंडूभाऊंनी नझीरच्या फाटकावर फ्लेक्स बांधून दिला. दहा फुटी! मधोमध माझ्या अर्जाच्या पोचेचा फोटो, तिला झेंडूचा हार. ‘आमच्या लाडक्या अर्जास तिसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक — पडकी भिंत, घूस परिवार, पिंपळ मित्रमंडळ व समस्त डास.’ केकही कापला. धोंडूभाऊ म्हणाले, "ताई, अर्ज दिसामाशी वाढतोय. बालवाडीत घाला आता!"

दोन तासांत पालिकेची गाडी हजर. तीन वर्षांत पहिल्यांदा! फ्लेक्स विनापरवाना म्हणे. एक वरचं टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकलेलं. शिडी घेऊन आलेला माणूस भिंतीकडे बघून मागे सरला — "हिला शिडी नाय टेकवणार. ही कधीपण येईल खाली."

"मग तेवढं लिहून द्या की!"

"ते आमचं काम नाय, ताई."

टोक तसंच लोंबतंय. हसून हसून पोट दुखलं.

५ जून

फ्लेक्सचा फोटो सव गावापासून पार वरंध गावापर्यंत फिरतोय. भाजीवाली म्हणाली, अर्ज बरा आहे ना?

७ जून

प्रियाचा फोन. "आई, फोटो बघून खूप हसले. मग मागची भिंत दिसली. एवढी वाकलीय? मला बोलली का नाहीस?" तिच्या सासूबाई म्हणतात, इकडेच राहा. फोन ठेवला आणि रडले. चेष्टा करायला गेले आणि लेकीचं येणंच घालवून बसले. सगळं त्या नझीरमुळे.

९ जून

समोरच्या सलीमाभाभी, नझीरची फुफी म्हणजे आत्या, फोन घेऊन आल्या. "घ्या, नझीर हाय." मी शिव्या तयारच ठेवल्या होत्या.

तो म्हणाला, "मावशी, मी तर भिंत पाडायलाच मागतोय. पूर झाला तवाच परवानगीचा अर्ज दिला. सुट्टी संपली, यावं लागलं इकडं. उत्तरच नाय आलं कधी."

मी गारच! म्हणजे चार वर्षं ह्या बिचाऱ्याला उगाच कोसत होते. आणि याचा अर्ज माझ्यापेक्षा मोठा! कोण तो कारकून, ज्याने दाबून ठेवला? म्हटलं, पोच पाठव. उद्या हर्षदच्या नाकासमोर नाचवते. त्याची वरातच काढते.

१० जून

पोच आली. २० सप्टेंबर २०२१. गोल शिक्का, जराही वाकडा नाही. कोपऱ्यात बारीक लाल शाईत, नझीरला कधी लागलंच नसेल असं — ‘त्रुटी. घरपट्टीची पावती नाही.’ खाली सही माझी.

हर्षदला फोन केला. म्हटलं, एकवीसचा त्रुटीचा गठ्ठा काढून ठेव, मी येतेय.

"कोणाचं काम आहे, मॅडम?"