झिंगलेले खेकडे

प्रिय ताई,

तू आधी हसशील आणि मग शिव्या देशील, पण सांगतोच. मी विद्यापीठाच्या खेकड्यांना दारू पाजली. बाबांची, ज्वारीची, वरच्या फळीवरची.

दर मंगळवारी आपल्या गाळ्यावरून प्रयोगशाळेत जिवंत खेकडे जातात. ते न्यायला सुयुन नावाची मुलगी येते. डोंगराकडची आहे, खेकड्याला हात लावताना अजून डोळे मिटते. मागच्या महिन्यात एकाने तिचं बोट धरलं आणि मी हसलो. म्हणाली, "जसा दुकानदार तसा माल. पुढच्या वेळी शहाणे दे." दिले की शहाणे. दारूतले खेकडे करताना तू त्यांना आधी झिंगवतेस ना, तसेच बादलीत बुडवले, बांधले आणि टोपलीत रचले. एकानेही नांगी उचलली नाही. "माल तरी सुधारला," म्हणत ती खुशीत गेली आणि मी दिवसभर बाजारात ही गंमत सांगत फिरलो.

पुढच्या मंगळवारी आली ती रडवेली. खेकड्याच्या पोटातल्या रसात एक एन्झाइम असतं गं, कात टाकताना जुनं कवच विरघळवायला ते मदत करतं. दारू, मिथेनॉल असलं काही मिसळलं की ते किती मंदावतं, हे ती मोजते. पण आधी काहीच न मिसळता मोजावं लागतं, आणि तोच आकडा निम्म्यावर आला होता. पुन्हापुन्हा केलं, तरी तेच. तिच्या ज्वांग बाईंनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत नीट आला नाही, तर हे काम मी दुसऱ्या कुणाला देईन." म्हणजे तिची दोन वर्षं पाण्यात. "माझ्या हातालाच वळण नाही," असं ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, आणि मी खात होतो ते कालवांचं आम्लेट तसंच खाली ठेवलं.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत गेलो आणि सांगून टाकलं. तिने विचारलं, "किती दारू?" म्हटलं, बादलीभर. "किती वेळ?" तासभर. वाटलं, हातातली काचेची नळी आता डोक्यात घालते. पण तिने ती अलगद खाली ठेवली, म्हणाली, "गाढवा, बस तिथे," आणि उरलेला रस एका पातळ पिशवीत बांधून थंड पाण्यात सोडला; तिच्यातून दारू निघून जाते, एन्झाइम आतच राहतं. शुक्रवारी सकाळी आकडा जागेवर. एन्झाइम मेलं नव्हतंच, नुसतं पेंगुळलं होतं. दारू गेली की उठून कामाला. बाई म्हणाल्या, "आता मिथेनॉलचंही असंच करून बघ. आणि त्या खेकडेवाल्याला इथे पाय ठेवू देऊ नकोस." ठेवतो मी अजून, मागच्या दाराने.

पत्र का लिहिलं, ते आता सांगतो. रविवारी सुयुनला घेऊन तुझ्याकडे छुआनचौला जेवायला येतोय. आईबाबांच्या आधी तू तिला बघ. बाजारात मी सांगून ठेवलंय, की तिनेच मला पकडलं आणि कान धरून बाईंपुढे उभं केलं. ती मात्र जेवताना खरं काय ते सांगेलच, तिला ते सांगायला फार आवडतं. तू ऐक आणि भाताबरोबर गिळून टाक. मी आपणहून खरं बोललो हे बाबांना कळलं, तर ते रोजच तशी अपेक्षा धरतील. तुझ्या पाया पडतो ताई, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
शाओपेंग