माड माझे, जमीन तुझी

नसोरो,

मोंबासात खुशाल असशील.

तलाकाच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं, जमीन नवऱ्याची, पण माड ज्यानं लावला त्याचा. म्हणून नारळ उतरवायला मी अजून तुझ्या अंगणात येते. मी आले की तुझी नवी बायको मेजुमा दार लावून घेते.

यंदा तिनं दार लावलं नाही. तान्ही पोर घेऊन बाहेर आली.

"ताई, हिची नाळ पुरून वर माड लावायचाय. ह्यांना निरोप धाडला, उत्तर नाही. तुमचा एक नारळ द्याल?"

"गावात दुसरे माड नाहीत होय गं?"

"तुमच्या झाडांचे सगळ्यांत गोड, असं हेच म्हणायचे."

मला कधी म्हणाला नाहीस.

कोंब आलेला एक नारळ दिला. तिला वाकवत नव्हतं, म्हणून खड्डाही मीच खणला.

आता तुझ्या जमिनीत माझे माड आहेत आणि तुझ्या लेकीचा एक. तू कधी लावलाच नाहीस.

हे पत्र काही धाडत नाही. तिच्या निरोपाला उत्तर नाही, तिथं माझी काय कथा?

कधी आलास, तर शहाळं मागून घे. द्यायचं की नाही, ते आम्ही दोघी ठरवू.

म्वानाकोम्बो