मुरलीचे सहा आकडे

१८ जानेवारी, रविवार

विशालाक्षीकडे मुरलीचा नंबर आहे. माझ्या मुरलीचा. माझ्याकडे नाही.

पोंगल झाला म्हणून भेटायला आली पापनाशमहून. माझ्या सुनेची, अखिलाची आई, म्हणजे माझी विहीण. केळ्यांची फणी हातातून खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "राजमबाई, यंदाचा नंबर आला हो. जावईबापूंनी माझ्याकडे ठेवायला दिलाय."

मी म्हटलं, "हो का? कापीत साखर किती घालू?" तिला मधुमेह आहे. मला ठाऊक आहे.

सुप्रभा लिहिता लिहिता हसते आहे. ही माझी नणंद, शाळेत हिंदी शिकवायची, म्हणून हिला आपल्या मराठीची ही अक्षरं येतात. मला कुठलीच येत नाहीत. हसलीस तेही लिही, सुप्रभा.

आता नंबर म्हणजे काय, तर दोन वर्षांमागं अमेरिकेत कुणा चोरानं मुरलीच्या नावानं टॅक्सचं रिटर्न आधीच भरलं, आणि त्याला परत मिळायचे पैसे उचलून नेले. मुरली भरायला बसला तर म्हणे, तुमचं भरून झालंय! तेव्हापासून तिथलं टॅक्स ऑफीस त्याला दर जानेवारीत सहा आकडी नवा नंबर देतं. तो घातला नाही तर त्याच्या नावाचं रिटर्न परत फेकतात. चोर बाहेर, मुरली आत.

आणि विशालाक्षीही आत. मी बाहेर.

१९ जानेवारी

झोप नाही. लग्नात पहिलं पान कुणाला वाढलं होतं? मुलाच्या आईला. तेव्हा विशालाक्षीनंच वाढलं होतं, वाकून.

ती बँकेत होती, सही करते, इंग्लिश वाचते. म्हणून का?

२१ जानेवारी, बुधवार

मुरलीला फोन लावला.

"आई, तो नंबर कुणालाच सांगायचा नसतो."

"सासूला चालतो वाटतं."

"त्यांना कोण म्हणालं—"

पुढं बोलू दिलं नाही. तुला टायफॉईड झाला तेव्हा उशाशी विशालाक्षी बसली होती का, विचारलं. मग म्हणाला, "बरं, ऐक. पण कुणाला सांगायचा नाही."

सुप्रभाला परसात पाठवलं. बोटांच्या पेरांवर घोळवून पाठ केला. इथं लिहायचा नाही. तिनं विचारू पण नये.

आज दोनदा कापी प्यायले.

२५ जानेवारी

किती दिवस पोटात ठेवणार? विशालाक्षीला फोन केला. "तो नंबर माझ्याकडेही आलाय हो." नंबर नाही सांगितला, आलाय एवढंच. ती म्हणाली, "बरं झालं." असं 'बरं झालं' मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणी मेल्यावर म्हणतात तसं.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फोन. तमिळ बोलणारा, फार अदबीचा. अम्मा, अमेरिकेच्या टॅक्स ऑफीसकडून बोलतो, मुरली सरांचे पैसे अडकलेत, नंबर पडताळायचा आहे. मी म्हटलं, मला काय कळतं? तर म्हणाला, "पापनाशमच्या अम्मांशी बोलणं झालं. नंबर त्यांच्याकडे असतो की तुमच्याकडे?"

त्यांच्याकडे! मी म्हटलं, आई मी आहे. आणि सांगितला. सहाच्या सहा, एकही न चुकता.

सुप्रभानं पेन खाली ठेवलं आहे. "वैनी, खरं ऑफीस फोन करून हा नंबर कधी विचारत नाही."

लिही, सुप्रभा. तेही लिही.

३ फेब्रुवारी

सकाळी मुरलीला सांगितलं. फोन सुप्रभानं धरला. माझ्या तोंडानं माझ्या पोराच्या घरात चोर घातला.

तो रागावला नाही. म्हणाला, "आई, तो गेल्या वर्षीचा होता. आता चालत नाही. यंदाचा दिला असता तर तू आधी पापनाशमच्या अम्मांना फोन केला असतास."

केलाच होता.

म्हणजे पोराचं काही गेलं नाही. देवापुढं दिवा लावला. लावता लावता मनात आलं, विशालाक्षीला यंदाचा, ताजा. मला शिळा. फ्रिजमधल्या सांबारासारखा. त्याला विचारायचं होतं, विचारलं नाही. उत्तर काय येईल, नको.

जेवले नाही. सुप्रभानं ताक दिलं.

५ फेब्रुवारी

विशालाक्षीचा फोन. आवाज बसलेला. त्या माणसाचा फोन आधी तिलाच आला होता. "मीच त्याला तुमचा फोन दिला, राजमबाई. माझ्याकडे नंबर असता तर ना सांगणार... जावईबापूंनी मला नंबर कधी दिलाच नाही. तुमच्यापुढं उगाच बोलून गेले."

मी म्हटलं, असू दे.

माझा शिळा होता, ते सांगितलं नाही. सुप्रभा, तूही सांगायचं नाहीस.