माझं मत दुसऱ्यानं टाकलं

नांदेड, शनिवार, संध्याकाळ

निजामाच्या मुलखातल्या सगळ्या खासगी मराठी शाळांचा प्रमुख आज मतं घेऊन निवडला. मी शिक्षिका, मलाही मत होतं. देगलूरहून धक्के खात आले, तर दारातच आमचे हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं मत मी टाकलं. उगं कशाला तरास?"

"मला न विचारता?"

"अहो, तुमच्याच माणसाला टाकलं न्हाई का!"

खरंच, मला हवे होते तेच गुरुजी निवडून आले. मुलींच्या शाळा वाढवतो म्हणणारे. मग मी इतकी का पेटले? गुरुजींनी पेढा पुढे केला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "माझ्या नावानं पडलेलं मत मी दिलेलं नाही. ते वजा करा."

हेडमास्तर हसले. गुरुजीही हसले. गुरुजींच्या हसण्याचाच राग जात नाही.