पुसायला हरकत नाही

१२ जाने. १९३५, कुंभकोणम्
फिरत्या बोलपटाच्या तंबूत माहिती गोळा करण्याचा चौथा दिवस. मालकाला काहीही विचारा, उत्तर एकच: 'एल्लाम नल्ला इरुक्कु, सार.' सगळे ठीक. वही दिसली की तोंडाला कुलूप. आज गर्दी उसळली म्हणून दारावर तिकिटे फाडायला उभा राहिलो, तर तंबूचा गडी आपणहून बोलू लागला. कोणते रीळ कापतो, कोणाला भिऊन कापतो, सगळे. कॉलेजात पोरांना आम्ही 'वही काढा, प्रश्न विचारा' असे भलतेच शिकवतो. हाताला काम लावल्याशिवाय माणूस उघडत नाही.

२० जाने.
तंबू आडुतुरैला गेला. पुण्याकडच्या एका बोलपट कंपनीला पत्र टाकले. दोन महिने राहू द्या, चित्र कसे घडते ते पाहीन, माणसांस पुसेन, पुस्तक लिहीन. खरे कारण लिहिले नाही. मराठी राजांबरोबर पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले; पस्तिशी आली, घराबाहेर मराठी कधी ऐकली नाही. उंबरा ओलांडला की तमिळ. भाजीवाली मराठीत भांडते असा एक रस्ता पाहायचा आहे. फार वाटते.

३ फेब्रु.
कंपनीच्या मॅनेजरांचे उत्तर. 'माणसे पुसायला हरकत नाही. दिव्यांखाली घाम फार येतो.' दोनदा वाचले, मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पुसतो म्हणजे विचारतो, ते फडक्याने पुसतात! शिक्षकांच्या खोलीत एकटाच हसत सुटलो.
पुढे मात्र: नुसते बघे नकोत. पण तुमची जुन्या वळणाची भाषा झकास. ऐतिहासिक चित्रपट काढतोय, त्यात एक विसरभोळा म्हातारा कारभारी आहे, विनोदी. त्याची वाक्ये लिहून पाठवा, मग हवे तितके राहा.
आमची घरची बोली. आणि विनोदी.

९ फेब्रु.
नकाराचे पत्र लिहिले. फाडले. तिकिटे फाडणे सोपे होते. इथे अक्काची जीभ द्यायची. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनेच वाढवले, मला येते ती मराठी सगळी तिची. तिच्यावर कोणी हसावे? छे. पण गेलो नाही तर...

११ फेब्रु.
अक्का तव्यावर डाळ-तांदळाची अडै भाजत होती. मी शेजारी वही घेऊन.
"काय रे लिहितोस? मी बोलत्यें तें?"
"होय."
"कोणास दाखवणार?"
टाळायला गेलो, जमले नाही. सगळे सांगितले. म्हटले, अक्का, ते हसतील गं.
तिने अडै उलथली. "हसतील म्हणजे समजेल ना त्यांस?"
मी वही मिटली.
"मग जाऊन पुस त्यांस, आम्ही कोण तें ठाऊक आहे काय म्हणून."
इतकी वर्षे मला वाटे, ही ओढ माझी एकट्याची.

१४ फेब्रु.
कारभाऱ्याची वाक्ये वीस झाली. लखोट्यावर पत्ता लिहिला, पोस्टापर्यंत गेलो, तसाच परत आलो. घरी पाहतो तर अक्का अंगणात. माझा लोकरी कोट तिने उन्हात टाकला आहे. तिकडे थंडी असते म्हणे, तिला कोणी सांगितले कोण जाणे.