मंगळवारचं व्याख्यान

१३ जुलै, डार्विन, ऑस्ट्रेलिया
देशभरच्या विद्यापीठांत माध्यमं शिकवणाऱ्या आठशे सोबत्यांनो, आपल्या प्रत्येक वर्गात कॅमेरा आहे आणि तो बसवताना आपल्याला कुणीही विचारलं नाही. ही वही तुमच्यासाठी. आज मात्र तक्रार नाही! खिडकीशी आंब्याचं झाड, कोरडी छान हवा, दारावर माझ्या नावाची ताजी पाटी: डॉ. लिओनी ट्रँटर, डिजिटल खासगीपणा. आनंदाच्या भरात नोकरीच्या करारावर न वाचताच सह्या ठोकल्या. कचेरीतला ग्रॅहम हसला. म्हणाला, बाई, तुम्हीच न वाचता सही करता, मग पोरांना काय कपाळ शिकवणार?

१५ जुलै
माझ्या आधीचे सर एप्रिलमध्ये वारले. त्यांची चित्रित व्याख्यानं दर मंगळवारी अजून चालतात. आज त्यांची बहीण, नोरीन आंटी, आली होती. म्हणाली, आमच्या आदिवासींत गेलेल्याचा चेहरा दाखवत नाहीत, नाव घेत नाहीत. अख्खी वस्ती गप्प आहे, तुमचा पडदा तेवढा बडबडतोय, जाऊ दे की गं त्याला. म्हणून मीही नाव लिहीत नाही. ग्रॅहमने सरांच्या करारातलं कलम तेरा पुढे केलं: चेहरा आणि आवाज विद्यापीठाचा, मृत्यूनंतरही.
घरी येऊन माझा करार उघडला. कलम तेरा आहे.

२१ जुलै
व्याख्यान पाहिलं. सर काल बंदरात झालेल्या संपाबद्दल बोलले. काल! मग थांबले, थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, नोरीनला सांग, मला घरी यायचंय.

२२ जुलै
ग्रॅहम पांढराफटक. म्हणाला, ते व्याख्यान दोनदा पुसलंय, परत येतं. कलम तेराला दिलेली माझी संमती मागे घेतल्याचं पत्र मी त्याच्या टेबलावर आपटलं.

२७ जुलै
उद्याचं व्याख्यान विद्यापीठाच्या पडद्यावर आजच चढलंय. माझं. मी ते दिलेलंच नाही. माझा निळा सदरा, माझा आवाज: मुलांनो, लपवण्यासारखं काही नसेल तर भिता कशाला?
वीस वर्षं याच वाक्याशी भांडले मी!

२८ जुलै
पत्र गायब. ग्रॅहम म्हणतो, तुम्हीच तर पडद्यावरून रद्द केलंत— घाबरलेय, हो. वाकणार नाही. शेजारच्या वर्गात माझा आवाज सुरू झालाय— आंटी माझ्या खोलीचं दार धरून उभी आहे— एकीचं पत्र गिळतात, आठशे जणांची गिळून दाखवा! सोबत्यांनो, ३ ऑगस्टला सकाळी दहाला आपापल्या करारातलं कलम तेरा खोडा आणि तो कागद स्वतः कुलसचिवांच्या हातात द्या. पडद्यावरून मी याच्या उलट सांगितलं, तर ती मी नाही, ती—